जेसन, यॅमल की टॉमल? प्रोजेक्टसाठी कॉन्फिग फाइलचा फॉरमॅट कसा निवडायचा

नवीन प्रोजेक्ट सुरू करताना डेटाबेस कोणता घ्यायचा, फ्रेमवर्क कोणतं वापरायचं यावर ग्रुपमध्ये तासन्‌तास वाद होतात. कॉन्फिग फाइलचा फॉरमॅट मात्र पाच मिनिटांत ठरतो, आणि तोही बहुतेक वेळा मागच्या प्रोजेक्टमधली फाइल कॉपी करून. पुढे कोड दहा वेळा बदलतो, पण ती फाइल तशीच राहते. ती रोज कोणी ना कोणी उघडतं, एक ओळ बदलतं आणि सेव्ह करतं. त्या एका ओळीत चूक झाली तर ती लगेच कळणार की महिनाभराने, हे बऱ्याच अंशी फॉरमॅटवर अवलंबून असतं. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊया.

## कॉन्फिग फाइल म्हणजे नक्की काय?

तुमच्या फोनमध्ये सेटिंग्ज असतात: भाषा कोणती, रिंगटोन कोणता, डार्क मोड चालू की बंद. त्या बदलल्या म्हणून फोन बदलत नाही, वागणं बदलतं. सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हेच. जे कोडला हात न लावता बदलता आलं पाहिजे ते सगळं वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. तीच कॉन्फिग फाइल. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट नंबर, टाइमआउट, कोणतं फीचर चालू ठेवायचं, हे सगळं तिथे असतं.

अशा फाइल्स तुमच्या खिशातही आहेत. प्रत्येक अँड्रॉइड ॲपच्या आत 'अँड्रॉइड मॅनिफेस्ट' नावाची एक फाइल असते. ॲपचं नाव, त्याच्या स्क्रीन्स, त्याला लागणाऱ्या परवानग्या तिथे लिहिलेल्या असतात. कॅमेऱ्याची परवानगी मॅनिफेस्टमध्ये मागितलेली नसेल, तर ते ॲप तुम्हाला 'कॅमेरा वापरू का?' असं विचारूच शकत नाही. ही फाइल एक्सएमएल या फॉरमॅटमध्ये लिहितात. फ्लटर शिकत असाल तर 'पबस्पेक' नावाची यॅमल फाइल रोज दिसत असेल. रिॲक्ट नेटिव्ह किंवा नोड वापरत असाल तर 'पॅकेज' नावाची जेसन फाइल.

## मैदानातले खेळाडू

आयएनआय. सगळ्यात साधा. चौकोनी कंसात विभागाचं नाव, खाली 'नाव = किंमत' अशा ओळी. विंडोज ३.१ च्या काळात बहुतेक सेटिंग्ज अशाच फाइल्समध्ये असायच्या. आजही पीएचपीची मुख्य सेटिंग फाइल आयएनआय आहे, आणि गिटची कॉन्फिग फाइल त्याच घाटाची आहे. अडचण एकच, पण मोठी: याला एक ठरलेलं स्टँडर्ड नाही. कमेंट कशाने सुरू होते, एका विभागात दुसरा विभाग चालतो का, हे प्रत्येक लायब्ररी आपापल्या पद्धतीने ठरवते.

एक्सएमएल. १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने स्टँडर्ड म्हणून जाहीर केला. काटेकोर आहे, तपासण्याची साधनं भरपूर आहेत, पण लिहायला बोजड. प्रत्येक गोष्टीला उघडणारा टॅग आणि बंद करणारा टॅग. अँड्रॉइड आणि जावाचं मेव्हन यांत तो आहेच. नवीन प्रोजेक्टसाठी आज सहसा कोणी स्वतःहून निवडत नाही.

जेसन. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला जावास्क्रिप्टमधून हा छोटा फॉरमॅट वेगळा काढला. मूळ काम एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला डेटा पाठवणं. नियम इतके कमी की सगळं व्याकरण एका पानावर मावतं. जवळपास प्रत्येक भाषेत तो वाचायची सोय असते.

यॅमल. २००१ चा. माणसाला वाचायला सोपं हा हेतू. कंस नाहीत, अवतरणचिन्हांची सक्ती नाही, ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून रचना ठरते. डॉकर कंपोज, कुबरनेटीस, गिटहब ॲक्शन्स सगळीकडे हाच.

टॉमल. गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये सुरू केला. दिसायला आयएनआयसारखा, पण नियम लिखित आणि पक्के. १.० आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये आली. रस्ट भाषेचं कार्गो आणि पायथनची 'पायप्रोजेक्ट' फाइल टॉमलमध्ये असते. अँड्रॉइडच्या नव्या प्रोजेक्टमध्ये लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादीही टॉमलमध्येच दिसेल.

## एकच फाइल, तीन फॉरमॅट

समजा, पुण्यातल्या एका अभ्यासिकेसाठी छोटं ॲप करायचंय. एसटीडी कोड, रात्री बंद व्हायची वेळ आणि सुट्ट्या एवढंच कॉन्फिगमध्ये ठेवायचंय. (नमुने समजावेत म्हणून इथे सेटिंगची नावं आणि अंक देवनागरीत दिलेत. खऱ्या फाइलमध्ये ते इंग्रजीत लिहा. कारण पुढे येतंच आहे.)

जेसनमध्ये:

{
  "कोड": "०२०",
  "बंद_वेळ": "२२:३०",
  "सुट्ट्या": ["होळी", "दसरा"]
}

यॅमलमध्ये:

# दिवाळीत वेळ बदलते
कोड: ०२०
बंद_वेळ: २२:३०
सुट्ट्या:
  - होळी
  - दसरा

टॉमलमध्ये:

# दिवाळीत वेळ बदलते
"कोड" = "०२०"
"बंद_वेळ" = "२२:३०"
"सुट्ट्या" = ["होळी", "दसरा"]

यॅमलचा नमुना सगळ्यात स्वच्छ दिसतो ना? आता तो पायथनच्या लोकप्रिय पायवायएएमएल लायब्ररीने वाचला तर काय मिळेल ते बघा. 'कोड' मध्ये येतो १६. 'बंद वेळ' मध्ये येतो १३५०.

असं का? यॅमलच्या १.१ आवृत्तीत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला, म्हणजे आठच्या पाढ्यातला मानतात. अष्टमान २० म्हणजे आपले १६. मुंबईचा ०२२ टाकला तर १८ मिळतात, नाशिकचा ०२५३ टाकला तर १७१. गंमत म्हणजे बंगळुरूचा ०८० सहीसलामत राहतो, कारण अष्टमानात ८ हा अंकच नसतो, त्यामुळे लायब्ररी त्याला साधा मजकूर समजते. वेळेचंही तसंच. दोन आकड्यांमध्ये विसर्गासारखं चिन्ह दिसलं की १.१ त्याला साठमान पद्धतीतली संख्या समजते: २२ गुणिले ६० अधिक ३०, म्हणजे १३५०. सकाळची ०९:१५ मात्र शून्याने सुरू होते म्हणून मजकूरच राहते. म्हणजे सकाळच्या वेळा बरोबर, दहानंतरच्या चुकीच्या! डेमो सकाळच्या वेळेवर केला तर सगळं छान चालतं, आणि रात्रीची वेळ टाकली की बिघडतं.

यावर कोणी म्हणेल, यॅमल १.२ तर २००९ मध्येच आलाय. खरंय, त्यात हे नियम बदलले. पण पायवायएएमएलसारख्या लायब्ररी आजही १.१ प्रमाणे चालतात, आणि काही १.२ प्रमाणे. १.२ मध्ये २२:३० मजकूर राहतो, पण ०२० चं साधं २० होतं, पुढचं शून्य गायब. म्हणजे एकच फाइल, वाचणारी लायब्ररी बदलली की अर्थ बदलतो.

आता अवतरणचिन्हं न घालता हीच चूक इतरत्र करून बघा. जेसनमध्ये ०२० असा उघडा आकडा लिहिला की पार्सर तिथेच थांबतो. संख्येच्या पुढे शून्य चालत नाही. टॉमलही नाही म्हणतो. उघडी २२:३० जेसनला चालत नाही. टॉमलमध्ये वेळेसाठी स्वतंत्र प्रकार आहे, पण १.० मध्ये त्याला सेकंदही लागतात, म्हणून तिथेही एरर. आयएनआय तर सगळंच मजकूर म्हणून देतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी जशाच्या तशा मिळतात. मात्र तिथे 'फॉल्स' हाही नुसता शब्द असतो. पायथनमध्ये रिकामा नसलेला कोणताही मजकूर 'खरा' धरतात, म्हणून रूपांतर करायचं राहिलं तर बंद केलेलं फीचर चालू दिसतं.

माझ्या मते फॉरमॅट निवडताना सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. चूक झाल्यावर जो ओरडतो तो फॉरमॅट बरा. ॲप सुरूच झालं नाही तर पाच मिनिटं डोकं तापतं, पण चूक सापडते. ॲप सुरू झालं आणि आतमध्ये चुकीचा आकडा घेऊन चालत राहिलं, तर त्रास वापरणाऱ्याला होतो.

## प्रत्येकाचे खाचखळगे

यॅमल. वरचे दोन सोडून आणखी एक प्रसिद्ध खड्डा म्हणजे 'नॉर्वेची अडचण'. १.१ मध्ये येस, नो, ऑन, ऑफ हे शब्दही हो-नाही म्हणून वाचले जातात. देशांच्या कोडची यादी केली तर भारत, जपान, जर्मनी नीट येतात आणि नॉर्वेच्या जागी 'फॉल्स' येतं, कारण नॉर्वेचा कोड एन आणि ओ. दुसरी गोष्ट, रचनेसाठी टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. एक स्पेस इकडेतिकडे झाली तर सेटिंग भलत्याच विभागात जाऊ शकते, आणि फाइल तरीही 'बरोबर' असू शकते. तिसरी गोष्ट सुरक्षेची. पायवायएएमएलचं असुरक्षित लोडिंग वापरलं तर फाइलमधून थेट कोड चालवता येतो. अनोळखी फाइल नेहमी 'सेफ लोड' ने वाचायची.

जेसन. कमेंट नाहीत. क्रॉकफर्ड यांनी त्या मुद्दाम काढल्या, कारण काही लोक कमेंटमध्ये पार्सरसाठी सूचना लिहायला लागले होते आणि त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे चालेनाशी होण्याची भीती होती. डेटा पाठवण्यासाठी हे योग्यच. पण कॉन्फिगमध्ये 'हा टाइमआउट ९० का आहे' हे लिहायला जागाच राहत नाही. यादीच्या शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम राहिला तरी एरर. व्हीएस कोडच्या सेटिंग फाइलमध्ये कमेंट चालतात हे पाहून गोंधळू नका. तो जेसनचा सैल केलेला प्रकार आहे, नेहमीचा पार्सर तो नाकारतो.

टॉमल. दोन पातळ्यांपर्यंत मस्त. चार-पाच पातळ्या खोल रचना झाली की प्रत्येक विभागाच्या डोक्यावर पूर्ण पत्ता लिहावा लागतो आणि फाइल वाचताना धाप लागते. कुबरनेटीससारखी खोल रचना टॉमलमध्ये लिहून बघा, मग कळेल लोक यॅमल का सोडत नाहीत.

एक गोष्ट तिन्ही फॉरमॅटमध्ये सारखीच: आवृत्तीचा क्रमांक कायम अवतरणचिन्हांत. उघडा ३.१० लिहिला तर तो दशांश आकडा होतो, आणि ३.१० म्हणजे ३.१. गिटहब ॲक्शन्समध्ये पायथनची आवृत्ती लिहिताना अनेकांना याचा फटका बसलाय.

## मराठी मजकूर असेल तर

ॲपमध्ये मराठी संदेश ठेवायचे असतील तर हे लक्षात ठेवा.

जेसन, यॅमल, टॉमल तिन्हींत यूटीएफ-८ मधलं देवनागरी सरळ लिहिता येतं. जावाच्या 'प्रॉपर्टीज' फाइल्समध्ये मात्र जुनी खोड आहे. त्या परंपरेने लॅटिन-१ या एन्कोडिंगमध्ये वाचल्या जातात, त्यात देवनागरी नाहीच. म्हणून प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहायची वेळ यायची. भाषांतराच्या फाइल्ससाठी जावा ९ पासून यूटीएफ-८ आलं. जुना प्रोजेक्ट असेल तर तपासून घ्या.

सेटिंगचं नाव मराठीत ठेवायचं असेल तर टॉमल १.० मध्ये ते अवतरणचिन्हांतच लागतं. अवतरणाशिवाय फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, अधोरेषा आणि जोडरेषा चालतात. आकड्यांचं तर स्पष्टच आहे: फाइलमध्ये देवनागरी अंकांत पोर्ट लिहिला तर जेसन आणि टॉमल एरर देतील, यॅमल गपचूप मजकूर समजेल.

आणि फोनवरून फाइल एडिट करणाऱ्यांसाठी खास सूचना. बऱ्याच कीबोर्ड आणि नोट्स ॲप्समध्ये सरळ अवतरणचिन्हांची आपोआप वळणदार चिन्हं होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण जेसनला वळणदार चिन्ह चालत नाही. कीबोर्डची ही 'स्मार्ट' सोय बंद करा किंवा कोड एडिटर वापरा.

## एक खरा निर्णय: पायथनने काय केलं?

पायथनमध्ये पूर्वी पॅकेजची माहिती एका पायथन फाइलमध्येच असायची. पॅकेज बांधायला काय लागतं हे कळण्यासाठी ती फाइल चालवावी लागे, आणि चालवण्यासाठी ते आधीच इन्स्टॉल केलेलं असावं लागे. आधी कोंबडी की आधी अंडं! म्हणून २०१६ मध्ये पेप ५१८ या प्रस्तावात ही माहिती एका साध्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवायचं ठरलं. त्यांच्यासमोर आपल्यासारखाच प्रश्न होता.

जेसन नाकारला, कारण माणसाने हाताने लिहायला तो अवघड आणि कमेंट नाहीत. यॅमल नाकारला, कारण त्याचे नियम फार मोठे. छापले तर ८६ पानं भरतील असं प्रस्तावातच म्हटलंय. शिवाय पायवायएएमएल मुळात सुरक्षित नव्हती. पायथनचा स्वतःचा आयएनआय वाचक नाकारला, कारण त्या फॉरमॅटचे लिखित नियमच नव्हते. उरला टॉमल.

पण किंमतही मोजावी लागली. तेव्हा टॉमलची १.० आवृत्तीही आलेली नव्हती आणि पायथनमध्ये टॉमल वाचायची अंगभूत सोय नव्हती. ती २०२२ मध्ये ३.११ सोबत आली, तीही फक्त वाचण्यापुरती. तोपर्यंत प्रत्येक टूलला बाहेरची लायब्ररी सोबत बाळगावी लागली. म्हणजे 'सगळ्यात चांगला' फॉरमॅट निवडला तरी तो तुमच्या भाषेत किती सहज वाचता येतो हे बघावंच लागतं.

## मग तुम्ही काय निवडायचं?

हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. टूलने आधीच ठरवलंय का? फ्लटर, डॉकर कंपोज, कार्गो यांचा फॉरमॅट ठरलेला आहे. वाद संपला.

२. फाइल कोण बदलणार? फक्त प्रोग्रॅम लिहिणार आणि प्रोग्रॅमच वाचणार असेल, तर जेसन. माणूस बदलणार असेल तर कमेंट असलेला फॉरमॅट हवा. आणि तो माणूस प्रोग्रॅमर नसेल, म्हणजे अभ्यासिकेचे काका फोनवरून वेळ बदलणार असतील, तर त्यांच्या हातात यॅमल देऊ नका. त्यांच्यासाठी टॉमलच्या चार ओळी, नाहीतर सरळ एक छोटा फॉर्म.

३. रचना किती खोल आहे? एक-दोन पातळ्या असतील तर टॉमल. खूप खोल असेल आणि बदलणारे सगळे डेव्हलपर असतील तर यॅमल, पण प्रत्येक मजकूर अवतरणचिन्हांत.

४. तुमच्या भाषेत वाचायची सोय आहे का? जावास्क्रिप्टमध्ये जेसन फुकट मिळतो, पायथन ३.११ पासून टॉमल. एका फाइलसाठी नवी लायब्ररी घ्यायची का, हा विचार करा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा पहिल्या ॲपसाठी मला विचाराल तर: पायथन असेल तर टॉमल, जावास्क्रिप्ट असेल तर जेसन. यॅमल तेव्हाच, जेव्हा टूल मागेल.

## निवडून झाल्यावरची कामं

- गुपितं वेगळी ठेवा. पासवर्ड आणि एपीआय की कॉन्फिग फाइलमध्ये नकोत, मग फॉरमॅट कोणताही असो. त्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा 'डॉट एन्व्ही' फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये टाका. एकदा गिटमध्ये गेलेली की नंतर डिलीट केली तरी इतिहासात राहते. अशी की रद्द करून नवीन घेणं हाच उपाय. आणि मोबाइल ॲपच्या आत ठेवलेली की एपीके उघडून कोणीही वाचू शकतं.

- सुरुवातीलाच तपासा. ॲप चालू होताना कॉन्फिग वाचा आणि प्रत्येक गोष्टीचा प्रकार तपासा. पोर्ट संख्या आहे का? वेळ मजकूर आहे का? नसेल तर स्पष्ट संदेश देऊन थांबा. यॅमलची निम्मी भीती इथेच संपते.

- नमुना फाइल ठेवा. खोट्या किमती भरलेली एक फाइल रिपॉझिटरीत असू द्या. नवीन माणूस ती कॉपी करून कामाला लागतो.

- दोन फॉरमॅट चालवू नका. 'जेसनही चालेल, यॅमलही चालेल' हे ऐकायला उदार वाटतं, पण दोन्ही फाइल्स सापडल्या तर कोणती ऐकायची, हा नवा प्रश्न उभा राहतो.

शेवटी एक छोटी चाचणी सांगतो. फॉरमॅट पक्का करण्याआधी त्या फाइलमध्ये मुद्दाम चार चुका करा: शून्याने सुरू होणारा आकडा, अवतरणांशिवाय वेळ, एक जास्तीचा स्वल्पविराम आणि एक चुकीची स्पेस. मग ॲप चालवा आणि चारपैकी किती चुका तुमच्या लक्षात आल्या ते मोजा. ज्या गुपचूप पुढे गेल्या, त्यांच्यासाठी आजच तपासणी लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.